दंडारीतली राणी

लटारूभाऊ म्हणजे आमच्या दंडारीतली राणी. दंडार म्हणजे आमच्या इकडचा नाचगाण्याचा खेळ, त्यात बायांची सोंगं गडीच घेत. दिवसभर तलावात जाळं टाकणारा ढिवर माणूस, पण दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नऊवारी नेसून उभा राह्यला का बाया तोंडाले पदर लावून रडत. राजानं राणीले रानात धाडलं अन् ती माहेरची वाट इचारते, एवढंच ते गाणं. मी धनराज, ढोलकी वाजवत होतो. मले इचारा, त्या गाण्यात हात कितीदा चुकला असन! डोळेच भरून येत ना.

सत्त्याण्णव साली गडचिरोलीले सरकारी लोकं आले. कोणत्या जुन्या कलांना सांस्कृतिक वारसा म्हणायचं, ते टेप करून ठरवणार होते; हरेक मंडळीले पंधराच मिनिटं. लटारूभाऊले वेडच लागलं. म्हणे, "धना, आवाज बसत चालला माहा. राणी एकदा सरकारच्या टेपात गेली का झालं. मंग डोळे मिटले तरी चालते."

एसटीतच त्यानं काजळ घातलं. कंडक्टर हासला, "काऊन भाऊ, सासरी चालले का?"

"हो ना, तुह्याच घरी!"

पण आमची रीत! पहिले गण, म्हणजे देवांचं बोलावणं. एक देव सुटला तरी तो रुसते. अन् परक्या गावी गेलं का तिथलेही देव घ्या लागते. आता गडचिरोली म्हणजे केवढं शहर! आमचा शाहीर केवळराम गणात मारकंड्याच्या महादेवापासून निघाला. मातामाय, भिवसन, वाघोबा करत नदीच्या कडेकडेनं येऊन राह्यला होता, तं घंटीच वाजली. टेप बंद. साहेब म्हणाले, "छान! पुढची मंडळी या." लटारूभाऊ नऊवारीत पडद्याआड उभाच.

मी केवळरामवर असा तणतणलो! लटारूभाऊच मले म्हणे, "देवाले बाहेर ठेवून राणी आत कशी येईन बे?"

पण तेव्हापासून तलावाच्या पाळीवरून कोणी शहरातला माणूस गेला, का हा इचारे, "टेपवाले परत कधी येतीन जी?" कोण येते! वाट पाहता पाहता त्याचा आवाज पुरा बसला.

मंग काही वर्षांनी मान्यता आली. दंडार वारसा झाली, गावात पेढे वाटले. शाळेच्या मास्तरनं गडचिरोलीची ती अर्धवट टेप आणून सव्वीस जानेवारीले पोरींची दंडार बसवली. लटारूभाऊ धुतलेलं धोतर नेसून सगळ्यायच्या पुढे बसला. पोरींनी गण म्हणला, गोल फिरल्या, हात जोडले. टाळ्या पडल्या अन् लेझीमवाले आले.

लटारूभाऊ उठला. माही पुतणी दीपिका नाचात होती, तिले घोगऱ्या आवाजात म्हणे, "बाई, यानंतर राणी येते. मालूम हाय का?"

"नाई आबाजी, दंडार इथीच संपते. सरांनी टेप आयकवली ना आमाले."

मले असा संताप आला, का जाऊन त्या मास्तरची गचांडी धरावी. लटारूभाऊनं माहा हात दाबून धरला. दुसरा हात तिच्या डोक्यावरून फिरवला अन् म्हणे, "बराबर हाय बाई. इथीच संपते."