मायाळू की मायावी

सौदीत, धाहरानच्या कंपनीच्या कॅम्पात आमच्या शेजारी राहायला आलेली रुमानियन बाई एका दुपारी दारात उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला तत्त्वज्ञानातली इंग्रजी विशेषणं शिकवशील?" मी चिपळूणला शाळेत इंग्रजी शिकवायचे. चूक दिसली की सोडायची नाही, म्हणून मुलं मला मागून 'लाल पेन' म्हणत. इथे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आल्यापासून नुसती घरात बसलेली. तिचं वाक्य ऐकून हात शिवशिवायलाच लागले. मी तिला आत ओढलंच म्हणा ना!

लग्नामुळे अर्धवट सुटलेलं तत्त्वज्ञानाचं शिक्षण तिला ऑनलाइन पुरं करायचं होतं. विद्यापीठाने इंग्रजी मुलाखतीत एकदा नाकारलं होतं. येत्या सोमवारी दुसरी आणि शेवटची संधी.

"मागच्या वेळी काय बोललीस?"

"म्हटलं, मी फार सेन्सिबल आहे. पुस्तक वाचताना रडते."

मी कपाळावर हात मारला. तिच्या भाषेत तसाच एक शब्द आहे, त्याचा अर्थ हळवी. इंग्रजीत तो होतो समंजस. ऐकणारे चक्रावणारच! मी फरक समजावला, तशी ती आधी हसली आणि मग रडली. हळवी होतीच बिचारी.

रोज नवरे कंपनीच्या बसने गेले की आमची शाळा भरायची. स्टोइक, सिनिकल, स्केप्टिकल. ती अडायची भलत्याच ठिकाणी. "स्टोइक पुरुष आणि स्टोइक बाई, दोघांना एकच शब्द? बाईसाठी शेवट बदलत नाही?" त्यांच्याकडे बदलतो म्हणे. मी खुर्चीतून उठलेच. "अगं, आमच्याकडेही! चांगला, चांगली, चांगलं. तीन लिंगं!"

"आमच्याकडेही तीनच!"

आम्ही टाळ्या देत ओरडत होतो. तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली, "ममा, इट्स ओन्ली ग्रामर," म्हणाली आणि खोलीत गेली. घ्या! लाल पेनाच्या पोटी हे रत्न.

"इंग्रजी विशेषण अविकारी असतं," मी म्हटलं. "कुणासाठी बदलत नाही. आमच्या ब्रह्मासारखं." ब्रह्म आलं म्हटल्यावर पाठोपाठ माया आलीच. तिने लगेच पकडलं, "त्या मायेचं विशेषण काय?"

इंग्रजीत इल्यूझरी, म्हणजे भासमय. पण मराठीत? मला चेव चढला. मायावी म्हणजे रूपं बदलून फसवणारी, राक्षसिणीसारखी. आणि मायाळू म्हणजे जीव लावणारी, प्रेमळ.

ती डोळे मोठे करून बघत राहिली. "तत्त्वज्ञ ज्याला भ्रम म्हणतात, त्याच शब्दाने तुम्ही प्रेम म्हणता?"

म्हणतो की! जन्मभर म्हणत आले, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशी भाजी करपली, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

सोमवारी ती तिच्या घरी लॅपटॉपसमोर आणि मी माझ्या ओट्यापाशी. चहा उतू गेला, पुन्हा ठेवला, पुन्हा उतू गेला. मग दार धाडकन उघडलं.

"घेतलं! मला घेतलं!"

आम्ही दोघी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. दम खात ती सांगू लागली, "त्यांनी विचारलं, भाषा बदलली की कल्पना बदलते का? मी तुमची माया सांगितली. ते खूशच झाले! विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या टीचरने. शी इज व्हेरी मायावी!"

तिकडच्या समस्त प्राध्यापकांत माझी राक्षसीण झाली होती! मग जे हसू फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

तिचा चेहरा पडला. "चुकलं का माझं?"

आजवर एकही चूक न सोडणारी मी तिच्याकडे पाहिलं. "नाही गं, अगदी बरोबर," मी म्हटलं आणि तिला घट्ट मिठी मारली. धडधडीत खोटं बोलले, चक्क फसवलं तिला. म्हणजे विशेषण तिने काही अगदीच चुकीचं लावलं नव्हतं.