काळा सोडा

लग्न होऊन मी सावंतवाडीहून मालवणात आले, तेव्हा सासरे नव्हते, पण त्यांची सोडा फॅक्टरी होती. फॅक्टरी म्हणजे पडवीतलं गॅस भरायचं यंत्र आणि लाकडी खोक्यांतल्या बाटल्या. सासऱ्यांचा काळा सोडा एके काळी गाजलेला. उपळसरीच्या मुळांचा काढा, त्यात करपवलेला गूळ आणि वर गॅस. ते गेले आणि तो बंद पडला.

पुढे कंपन्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानोदुकानी आल्या. आमच्या लिंबू सोड्याला कुत्रं विचारीना. नवरा म्हणाला, "जत्रेपर्यंत बघूया. नायतर ह्या मशीन तळेऱ्याच्या गिऱ्हायकाक देवन टाकतलंय." मशीन गेलं की हा मुंबईला नोकरी धरणार आणि मी इथे त्याच्या फोनची वाट बघत बसणार. मला भयंकर राग आला. म्हटलं, काळा सोडा मी करते.

चव सांगणार कोण? सासूबाई. प्रत्येक खेपेला एक घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तसो नाय गो." गूळ बदलला, पाणी बदललं, तरी तेच. मग एकदा बंब पेटवताना डोक्यात प्रकाश पडला. सासऱ्यांच्या काळी घरात चूल होती आणि मुळं तिच्यावरच्या माळ्यावर सुकायची. मी आणत होते ती बाजारातली, उन्हात वाळवलेली! लगेच न्हाणीघरात बंबाच्या वर मुळं टांगली आणि खाली नारळाच्या काथ्याची सोडणं धुमसत ठेवली.

या वेळी सासूबाई म्हणाल्या, "ह्योच तो." मी नाचायचीच बाकी होते. पण म्हातारे गिऱ्हाईक एकेक बाटली पिऊन, डोळे पुसून गेले ते परत आले नाहीत. शाळेतल्या पोरांनी तर अंगणातच थुंकून टाकला. सासूबाईंचीही बाटली तशीच भरलेली होती.

आता मात्र मी हट्ट सोडला. धूर निम्म्यावर आणला, गूळ कमी करपवला, आलं ठेचून घातलं आणि शेवटी लिंबू पिळलं. सासूबाईंनी बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"तसो नाय ना?" मी घाबरत विचारलं.

"नाय. तेंचो सोडो माका कदीच आवडलो नाय. पण तेंका सांगतलंय कसा?"

मी कपाळावर हात मारला. जन्मभर नवऱ्याचं मन राखलं या बाईने, आणि मी तिच्या जिभेवर विसंबून महिनेच्या महिने धूर खाल्ला!

जत्रेत खोकी रिकामी झाली. तळेऱ्याचा माणूस आला, त्याला नवऱ्याने एक थंड बाटली पाजली आणि परत पाठवला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी राखून ठेवलेली एक बाटली सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "घेवा. सुनेन तुमच्यापेक्षा बरो केल्यान."