हरळी की सदाफुली

काल शेजारी गवत कापलं आणि त्या ओल्या वासानं मी सोलापुरातल्या आमच्या अंगणात पोचले. तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडिलांना त्यांच्या ऑफिसातल्या साहेबाच्या बंगल्यासारखी हरळीची हिरवळ हवी होती.

बागकामाला येणारी मंद्रूपची गंगूबाई म्हणाली, "दादा, हरळी लई पानी पितीया. सदाफुली लावा, उन्हात बी फुलतीया."

"आपल्या विहिरीला पाणी आहे ना?"

"हाय की. पर हितंच पानी भरनाऱ्या गल्लीनं मग प्यायचं काय?"

मग वडील स्वतःच कुदळ घेऊन तिच्याबरोबर वाफे खणू लागले. हिरवळ हुकली म्हणून मी रडले होते.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका भरलेल्या घागरी घेऊन गुलाबी फुलांमधून घरी जायच्या.