ठकुबाईचा दात

येलहंक्यातल्या विश्वेश्वरअण्णांच्या सराफी दुकानात ठकुबाई चाळीस वर्षं मोती ओवतीय. गाव निपाणीकडचं. नवऱ्यामागं बेंगळूरला आली, नवरा गेला, ही राहिली. पण नाव झालं ते दातामुळं. मोती पुढच्या दाताच्या कडेवर हलकेच घासायचा. बारीक वाळूगत खरखरला तर शिंपल्यातला, सुळकन घसरला तर काच. शिंपल्यात आपसूक धरलेला असो नाहीतर माणसानं आत मणी पेरून पिकवलेला कल्चरचा, दाताला दोन्ही खरखरतात. अण्णांनी भिंग पुढं केलं की म्हणायची, "ते ठेवा नातवाला, मुंग्या बघायला."

मग दात हलले, एकेक करून काढावे लागले. दोन महिने बोळकं घेऊन घरी बसली. सोमवारी नवी कवळी घालून दुकानात आली तशी अण्णा हसले, "ठकुबाई, तोंडातच सर ओवलायस की!"

तेवढ्यात अनुसूयाअक्का आल्या, संगं लेक सुप्रीता. व्हाइटफील्डच्या सासरच्यांनी साखरपुड्यात घातलेला मोत्याचा हार सैल झालेला. लग्न आठ दिवसांवर. "स्वल्प घट्ट ओवून द्या."

ठकुबाईनं सवयीनं एक मोती दाताला लावला. घसरला. दुसरा लावला. तोही. तिसरा तर लोण्यावरनं गेल्यागत.

"अक्का, काच हाय ही."

अक्का मटकन स्टुलावर बसल्या. "काच? आणि विहीणबाई शंभर माणसांत मिरवल्या, खरा कल्चरचा म्हणून!"

"आई, हळू बोल."

"हळू कशाला? आत्ताच फोन लावते. असलं घर नकोच आपल्याला."

"फरक दावते, थांबा," म्हणत ठकुबाईनं काउंटरातला मोती उचलला. दिवाळीआधी तिनंच पारखलेला. दाताला लावला. घसरला! शेजारचा उचलला. तोही घसरला.

"अण्णा, दुकानात काच भरलीसा व्हय?"

अण्णांची कॉफी धोतरावर सांडली. "डोकं फिरलं का तुझं? तूच पारखलेत की सगळे!"

ठकुबाईनं कानातली मोत्याची कुडी काढली. आईनं लग्नात दिलेली, शंभरदा दाताला लावलेली. तीही सुळकन गेली. अख्ख्या बेंगळूरचे मोती दोन महिन्यांत काचेचे कसे होतील? जीभ हळूच कवळीवरनं फिरली. गुळगुळीत. जीव नसलेली.

"हॅलो, विहीणबाई..."

"फोन ठेवा अक्का!" ठकुबाई किंचाळली. हारातला मोती पदराला पुसून तिनं सुप्रीतापुढं धरला. "पोरी, आ कर. घासून बघ. काय लागतंय?"

पोरीनं डोळे मिटले. "खरखर. वाळू लागल्यासारखं. आई, खरे आहेत गं!"

अक्कांनी कपाळाचा घाम टिपला आणि फोनमध्ये म्हणाल्या, "काही नाही हो, मेंदीवालीचं विचारायचं होतं."

ठकुबाईनं कवळी काढून मखमलीच्या तबकात, मोत्यांच्या शेजारी ठेवली. बोळक्या तोंडानं म्हणाली, "अण्णा, दुकानात खोटं एवढंच हाय."

अण्णांनी खण उघडून भिंग पुढं सरकवलं. "भोकातनं बघ. आतला मणी आणि वरची साल, मधी बारीक रेघ दिसते."

ठकुबाईनं भिंग पदरानं पुसलं, हारातला एक मोती दोऱ्यातनं सोडवून उजेडात धरला. कुठला डोळा मिटायचा, तेच तिला बराच वेळ कळंना.