विहाराचा अॅम्प्लिफायर

बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या विहाराचा अॅम्प्लिफायर बिघडला की तो आमच्याच घरी यायचा. बाबा रेल्वेत सिग्नलच्या कामावर. ड्युटीवरून आले की शेजारपाजाऱ्यांचे रेडिओ, टीव्ही उघडून बसायचे. सोल्डरिंग करताना तापलेल्या राळेचा तो वास मला अजून संध्याकाळचाच वास वाटतो.

रिटायर झाल्यावर त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. मनात एक शब्द असायचा, तोंडातून दुसराच निघायचा. पाणी मागायचं तर ‘चप्पल’ म्हणायचे. लोक हसायचे नाहीत, पण त्यांनाच लाज वाटायची. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. मी शाळेत शिकवून घरी यायची, तेव्हा ते खिडकीशी गप्प बसलेले असायचे.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारातले एक काका सायकलवर अॅम्प्लिफायर, माइक आणि भोंगा बांधून दारात उभे राहिले. सवयीनं आले होते बिचारे. बाबांना बघून ओशाळले.

“राहू द्या वहिनी, भाड्यानं आणतो,” ते आईला म्हणाले.

बाबांनी डावा हात वर केला. “ठेव.”

मी सुरू करून पाहिलं, तर नुसती घरघर. मग प्लग काढला, झाकण उघडलं. बाबांनी बोट दाखवलं: दोन जाडे कपॅसिटर, डोकी फुगून वर आलेली. मी तिकडे हात नेला तसे ते ओरडले, “बल्ब! बल्ब!”

“बल्ब नाही बाबा, कपॅसिटर.”

त्यांनी जोरानं मान हलवली आणि ड्रॉवर दाखवला. आत होल्डरला दोन वायरी जोडलेला एक जुना बल्ब होता. तेव्हा मला उमगलं. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. तो आधी बल्बवर उतरवायचा असतो. वायरी टेकवल्या, बल्ब मिणमिणला आणि विझला. यावेळी शब्द चुकला नव्हता. ते बाबांच्याही लक्षात आलं असावं, कारण खुर्ची ओढून ते माझ्याजवळ सरकले.

त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात तसेच कपॅसिटर सापडले. मी एक बसवायला घेतला तर त्यांनी माझा हात धरला. “पट्टी... इकडं.” कपॅसिटरवरची वजा टोकाची पट्टी दुसऱ्या बाजूला गेली होती; तो उलटा बसत होता. सोल्डर करताना, म्हणजे बाबांच्या भाषेत रांगा वितळवून लावताना, माझी घाई व्हायला लागली, तेव्हा त्यांनी आपला डावा तळवा माझ्या मनगटाखाली धरला.

“घाई काहून करून राह्यली, माय? रांगा पिघलू दे न.”

पूर्ण वाक्य! आई पिठाच्या हातानंच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सुरू केला. घरघर नाही. माइक कोणी घ्यावा कळेना, तर आईनंच घेतला. “जेवायले चला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. समोरच्या घरातून कोणीतरी “हौ, येतो!” म्हणून ओरडलं. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी ते विहारात शेवटच्या रांगेत बसून वंदना म्हणत होते. शब्द मागेपुढे होत होते, तरी थांबले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं, बाबा गेले तोवर, आमच्या घरी पुन्हा लोकांचे टीव्ही, मिक्सर येत राहिले. बाबा सांगायचे, मी करायची. माझ्या आयुष्यातलं बाबांशी सगळ्यात जास्त बोलणं त्या दोन वर्षांत झालं.