बियाणं आत, आम्ही बाहेर

नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं काळ्या दाढीचा माणूस रस्ता ओलांडायला निघाला की पलीकडे पांढऱ्या दाढीनं पोचतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. आतापर्यंत दोघांनी ते मान्यही केलंय. तेव्हा पुढची हकिकत वाचताना आकडे आपापल्या सोयीनं कमी करून घ्या. दाणे मात्र खरे आहेत.

सुरगाण्याच्या डोंगरात बायकांचा एक गट गावठी बियाणं जपतो. गटाच्या प्रमुख मावशी. पूर्वी त्या प्रत्येक पोत्याला चिंधी बांधायच्या. लाल चिंधी म्हणजे हळवा भात, लवकर पिकणारा, उताराच्या जमिनीचा. निळी म्हणजे गरवा, उशिरा पिकणारा, खाली पाणी साचतं तिथला. तीन वर्षांपूर्वी मी तिथं जाऊन व्याख्यान ठोकलं. "मावशी, चिंध्या उंदीर खातात. पोत्यावर फक्त नंबर टाका. कुठल्या नंबरात काय, ते कॉम्प्युटर लक्षात ठेवील." डेटाबेस म्हणजे कप्प्याकप्प्यांची कोठी, असं समजावून मी तिला युजरनेम-पासवर्डचं कुलूप लावलं. वर आणखी शहाणपणा केला: पाच वेळा चुकलं की कोठी अर्धा तास बंद. असं कुलूप बँकेलाही नसेल, म्हणालो. बँकेला अर्थातच होतं.

यंदा राबात, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यात, बी टाकायची वेळ आली आणि मावशींचा फोन आला.

"भाऊ, कोठी उघडंना. म्हणतो नाव चुकलं नायतर पासवर्ड चुकला. उद्या बी वाटायचं हाय."

"नीट टाका ना, मावशी."

"तीन वर्षं टाकतेय, नीटच टाकतेय."

"जरा सावकाश टाकून बघा."

"सावकाश टाकला तवा सावकाश नाय म्हणला. तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळचीच जीप धरली. दहा माणसांच्या जीपमध्ये आम्ही चौतीस जण होतो, शिवाय एक शेळी. खिडकी शेळीला मिळाली.

पोचलो तर अंगणात पाड्यापाड्यांवरून आलेल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन बसलेल्या. आत ऐंशी पोती, प्रत्येकावर माझा लाडका नंबर. अर्धी मावशींनी नुसत्या नजरेनं ओळखून बाजूला काढली होती. उरलेली बाहेरगावाहून आलेली, एकासारखी एक दिसणारी. त्यात गरवा उतारावर गेला, तर दाणा भरायच्या आधीच जमीन सुकते. हळवा खाली गेला, तर पाण्यातच पिकून आडवा पडतो. नंबर चुकला की एखाद्या घरचा वर्षाचा भात गेला. आणि चिंध्या सोडायला लावणारा मी.

मी ऐटीत खुर्चीवर बसलो. डेटाबेस चालू आहे का पाहिलं, चालू होता. युजरनेम टाकलं, ते पडद्यावर दिसतं, अक्षर न् अक्षर बरोबर. पासवर्ड टाकला. चूक. कॅप्स लॉकचा दिवा पाहिला, बंद. पुन्हा टाकला. चूक. मग माझं स्वतःचं, सगळ्या कोठीवर हुकूम चालणारं नाव टाकलं, त्याचा वेगळा पासवर्ड टाकला. तोही चूक. दोन नावं, दोन पासवर्ड आणि दोन्ही एकाच दिवशी खोटे. इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण माणूस स्वतःच्या बोटांवर शेवटी संशय घेतो. मी टाकत राहिलो. दोन्ही नावांची पाच-पाच पापं भरली आणि कोठी अर्धा तास बंद झाली.

"नाशकाचा माणूस हुशार," अंगणातून एक बाई म्हणाली. "सोताच कुलूप लावतो, सोताच बाहेर बसतो."

मावशींनी कोरा चहा आणून ठेवला आणि शेजारी टेकल्या.

"भाऊ, तू लिहतोस तवा नुसते ठिपके का उमटत्यात?"

"कोणी वाचू नये म्हणून."

"मग तू तरी वाचतोस का?"

"मला पाठ आहे, मावशी."

"पाठ तुला हाय. बोटानं तेच लिवलं का, ते कोण बघतो? एकदा उघड्यावर लिही की."

"पासवर्ड उघड्यावर लिहायचा नसतो."

"हितं चोर कोण हाय? बाया हायत. आन् त्यांना बियाणं पायजे, तुझा पासवर्ड घेऊन काय चटणी वाटायची?"

मी पडद्यावर कोरं पान उघडलं आणि त्यावर पासवर्ड लिहिला. सगळी अक्षरं लहान. कॅपिटल एक नाही, आणि जिथं ॲटची खूण हवी तिथं दोनाचा आकडा. डावी शिफ्ट दाबून पाहिली, ती खालीच जात नव्हती. उजवी शिफ्ट मी आयुष्यात वापरलेली नाही; मावशींनीही नाही, कारण शिकवणारा मीच.

कीबोर्ड उलटा केला. एकरभर पेरता येईल इतकी नागली, म्हणजे नाचणी, पडली, असं मी दुकानात सांगतो. खरं तर चिमूटभर. त्यातले तीन दाणे शिफ्टच्या पोटातून, टाचणीनं काढावे लागले. मग पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत पुन्हा उघड्यावर लिहिला; आता कॅपिटलही उमटलं आणि ॲटची खूणही.

अंगणातल्या बायका दाणे बघायला दाराशी गोळा झाल्या. मग मावशी हळूच म्हणाल्या, "बी बाहेर काढायच्या दिशी कामाच्या वस्तूवर नागली वाहतो आमी. नांगर, उखळ, सूप. तुझ्या कॉम्प्युटरवर बी वाहतो, पण वरच्या डब्यावर. यंदा ही म्हणली, काम तर बोटाखाली होतं, तिथं वाहू."

ही म्हणजे मघाची, मला हुशार म्हणणारी. ती पदरात तोंड घालून हसत होती.

अर्धा तास सरला. पहिल्याच झटक्यात कोठी उघडली. मी नंबर वाचत गेलो, मावशी पोत्याला हात लावत गेल्या आणि प्रत्येक पोत्याला एक चिंधी बांधत गेल्या. लाल, निळी. चिंध्यांचं गाठोडं आधीच काढून ठेवलेलं होतं.

"उंदीर खातील," मी पुटपुटलो.

"खाऊ दे. उंदरानं खाल्ली तर कॉम्प्युटर सांगंल. कॉम्प्युटर रुसला तर चिंधी सांगंल."

मी गाठोड्यातली पुढची चिंधी काढून त्यांच्या हातात दिली. माझ्या ओळखीच्यांना हे खोटं वाटेल, पण खरंच दिली. उन्हं कलायच्या आत शेवटची पिशवी भरून बाई उताराला लागली होती.

पंधरा-वीस दिवसांनी फोन. "भाऊ, राब उगवला. वरचा वर, खालचा खाली. बोटभर हिरवा झालाय."

मी खुर्चीत इतका फुगलो की दुकानाचं शटर आतून वर सरकलं.

"आन् तो पासवर्ड बदल बाबा," मावशी म्हणाल्या. "तू उघड्यावर लिवलेला समद्या बायांना पाठ झालाय. ही तर भाकर थापताना म्हणत बसते."