नऊ फरश्यांचा कोपरा

फरशी बसवायच्या कामात तो बत्तीस वर्षं माझा जोडीदार होता. सगळे त्याला गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार. हा माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी खोलीचे कोपरे बघायचा. बसवलेली प्रत्येक फरशी बोटाने वाजवायचा, पोकळ वाजली की उखडायचा. मालक राहू दे म्हणाला तरी उखडायचा. माझ्याही दोनदा उखडल्या. तेव्हा राग आला होता. आता नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद केलं. फरशीवाल्याचं उकिडवं बसणं बंद म्हणजे सगळंच बंद. कामगारांच्या शाळेत फरशीकाम शिकवायची जागा रिकामी होती आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी गुण्याचं काम पाहिलेलं होतं. अट एकच, दहावी पास हवी. त्याचं दहावीचं गणित तेवढं राहिलं होतं. परीक्षा मार्चमध्ये, जागा जूनपर्यंत राखून ठेवणार. संधी एकच.

शिकवायला घरातच सून होती, शाळेत गणित शिकवणारी. रोज सकाळी सहा ते सात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचे. मी कामावर जाताना तिथे चहा घ्यायचो, म्हणून हे सगळं पाहिलं.

भूमिती त्याने महिन्यात उरकली. बीजगणितात गाडी अडली. सुनेने लिहिलं, क्षचा वर्ग अधिक सहा क्ष बरोबर चाळीस. गुण्याने पेन्सिल खाली ठेवली. वर्ग म्हणजे चौरस फूट, नुसता क्ष म्हणजे लांबी. चौरस फुटावरची जमीन आणि भिंतीच्या तळाशी लावायचं, फुटावर मोजायचं स्कर्टिंग यांची बेरीज करून कुणी माल मागवत नाही, असं त्याचं म्हणणं. सून म्हणाली, बाबा, या नुसत्या संख्या आहेत. कशाच्या, त्याने विचारलं. ती तेच गणित पुन्हा मांडायची, सासऱ्यावर रागावताही येईना. दहा दिवस असे गेले.

“तिचं तरी ऐका,” बायको ओट्याजवळून म्हणाली. “मी तीस वर्षं सांगून थकले.”

मलाही तो हट्टच वाटला. तसं बोललो.

“खालचा थर पोकळ आहे रे,” तो म्हणाला. “वर काय बसवू?”

मग सुनेने ग्रंथालयातून बीजगणिताच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक आणलं आणि वाचून दाखवलं. गुण्याची शंका जुनी निघाली. चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये व्हिएत नावाचा वकील होता. गणितात अक्षरं पद्धतशीर वापरायला त्याने सुरुवात केली, पण लांबीत लांबीच मिळवायची, क्षेत्रफळात क्षेत्रफळच, हा नियम त्याने सोडला नाही. गुण्या खुर्चीत ताठ बसला. बायकोला ऐकू जाईल अशा बेताने ते वाक्य त्याने पुन्हा वाचायला लावलं.

वाट मात्र त्याहून जुन्या लोकांनी काढून ठेवली होती. चार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमध्ये मातीच्या पाट्यांवर अशी गणितं सोडवायचे. अभ्यासक म्हणतात, ते लांबीला एक माप रुंदी द्यायचे. मग तिची पट्टी होते, आणि पट्टी चौरसात मिळवता येते. बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञाने बाराशे वर्षांपूर्वी चौरसाच्या दोन बाजूंना अशा पट्ट्या लावून आकृतीच काढली.

“म्हणजे एक फुटी फरशीची ओळ,” गुण्या म्हणाला. “आधी सांगायचं ना.”

सहा क्ष म्हणजे अशा सहा ओळी. सुनेने चौरस काढून तीन उजवीकडे लावल्या, तीन खाली. गुण्याने आकृती निरखली.

“कोपरा उघडा राहिला. तीन बाय तीन, नऊ फरश्या लागतील.”

चाळीस आणि नऊ, एकोणपन्नास. सात बाय सात. सातातून तीन ओळींची रुंदी वजा केली, क्ष राहिला चार. अंगणात जुन्या फरश्या होत्या, त्या मांडून त्याने ताळा केला. म्हणजे मांडल्या मी, उभ्याने हुकूम त्याने सोडले. सून म्हणाली, आणखी एक उत्तर आहे, उणे दहा. ख्वारिझ्मीने ते सोडून दिलं होतं, पण पेपरात लिहावं लागेल. गुण्या म्हणाला, लिहितो, पण उणे दहा फुटांच्या खोलीत फरशी बसवायला जाणार नाही.

एक गणित कळलं म्हणजे सगळं आलं असं होत नाही. पुढचे बेचाळीस दिवस त्याने रोज दहा गणितं सोडवली. तापातही सोडवली.

अडतीस गुण पडले. पस्तीसला पास. सुनेचा चेहरा उतरला, तिला साठाची आशा होती. गुण्याने प्रत्येक गणिताला पट्टीने आकृती काढली होती, शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. मी म्हणालो, नुसती उत्तरं लिहायची होतीस. तो म्हणाला, वाकडी आकृती काढायला हात उचलत नाही.

जूनमध्ये तो शिकवायला लागला. पहिल्या दिवशी सामान पोचवायला मी गेलो होतो. उंच स्टुलावर बसून त्याने वर्गाला विचारलं, जमीन चाळीस चौरस फूट, स्कर्टिंग सव्वीस फूट, मिळून किती? बहुतेकांनी सहासष्ट सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, यांची बेरीज होत नाही.

गुण्याने तिला पुढे बोलावलं आणि एक फुटी फरशी तिच्या हातात दिली.

“आता होते का बघ.”